पुस्तकं, दफ्तर आणि वस्तू एकाच छपराखाली: तिघांच्या याद्या एकमेकींना कळाव्यात यासाठी काय करायचं?

जुनी_वही
तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. नोंदणी वाचनालयाची, वर्ग 'ब', अनुदानही त्याचंच. पण कपाटांत तीन जातींचा ऐवज आहे. पुस्तकं तर आहेतच. शिवाय एका इनामदार घराण्याने ठेवायला दिलेलं मोडी दफ्तर आहे, अजून रुमालांत बांधलेलं. आणि त्याच वाड्यातून आलेल्या वस्तू: पगडी, पानदान, दौत, एक तैलचित्र, घराण्याचा शिक्का.

आता गंमत बघा. शिक्का काचेच्या कपाटात, त्याचा ठसा असलेली पत्रं रुमालात, आणि हा शिक्का कोणाला कधी मिळाला ते छापलेलं कुलवृत्तांतात, म्हणजे पुस्तकांच्या मांडणीवर. तीन नोंदवह्या. एकीला दुसरीची खबर नाही. पुस्तकांची दाखल नोंद वही नीट आहे, दफ्तराची यादी कुणीतरी हौसेने फुलस्केपवर केलेली, वस्तूंची यादी देणगीपत्राला जोडलेली.

सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं. पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमध्ये शिक्का घालायला गेलो तर 'प्रकाशक' आणि 'पृष्ठसंख्या' भरल्याशिवाय ते पुढे सरकेना.

प्रश्न असा: तिन्हींची माहिती एकत्र शोधता यावी, आणि उद्या पुण्या-मुंबईच्या किंवा बाहेरच्या संस्थांच्या याद्यांशी जोडताही यावी, यासाठी सुरुवात कुठून करावी? पैसे फार नाहीत. उत्साही पोरं आहेत.

एक्सेलभक्त
सोपं आहे हो. डब्लिन कोअर, म्हणजे कोणत्याही गोष्टीची नोंद करायचा जगभर चालणारा तयार नमुना. पंधरा रकाने: शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहभागी, तारीख, प्रकार, स्वरूप, ओळखक्रमांक, मूळ स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती, हक्क. एकही सक्तीचा नाही. एक शीट, पंधरा कॉलम, तिन्ही प्रकार एकाखाली एक. महिन्याभरात काम खलास. १९९५ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिन गावी बैठक झाली तिथून हे आलं, आयर्लंडशी संबंध नाही. पुढे आयएसओनेही, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, ते स्वीकारलं. जगातली बहुतेक भांडारं हे समजतात.

तालिकाकार
धागा आवडला. सगळी हयात तालिकीकरणात गेली, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

एक्सेलभक्त, तुमचे पंधरा रकाने बाहेर पाठवायला उत्तम आहेत, घरात ठेवायला नाहीत. कारण तिन्ही धंद्यांचे प्रश्नच वेगळे आहेत.

पुस्तक छापलं जातं हजार प्रतींत. म्हणजे एकाने नोंद केली की बाकीच्यांनी ती उचलायची. ग्रंथालयांत देवाणघेवाण सर्वांत आधी आली ती यामुळे. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्रम नावाच्या बाईंनी १९६० च्या दशकात मार्क बसवलं, म्हणजे पुस्तकाची नोंद संगणकाला वाचता येईल असा आकडेवार रकान्यांचा साचा, तेव्हा वैयक्तिक संगणक जन्मालाही यायचा होता. १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक, हे आकडे ग्रंथपालांना आजही झोपेत पाठ असतात. संग्रहालयातली वस्तू बहुधा एकच असते. तिथे विचारायचं ते द्रव्य कोणतं, माप किती, कोणाकडून आली, आता कुठे ठेवलीय. आणि दफ्तरात तर सुटा कागद जवळजवळ मुका असतो. तो कोणाच्या दफ्तरातला, कोणत्या रुमालातला, शेजारी कोणता कागद होता, यावर त्याचा अर्थ ठरतो. म्हणून अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय परिषद वर्णनाचे नियम सांगते ते वरून खाली: आधी अख्खं दफ्तर, मग त्याचे भाग, मग कागद.

आता कुलवृत्तांताबद्दल. तुमच्या पुस्तकाची नोंद शिकागोला आधीच असायची शक्यता बरीच आहे. अमेरिकेने पीएल ४८० खाली आपल्याला गहू दिला, त्याची किंमत रुपयांत जमा होत होती. १९६२ पासून त्यातल्या काही रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना धाडली. आपल्याकडच्या जिल्हा ग्रंथालयात न सापडणारं मराठी पुस्तक तिकडे नीट तालिकाबद्ध असतं ते या गव्हामुळे. अडचण एकच, त्या नोंदी बव्हंशी रोमन लिप्यंतरात आहेत. मार्कमध्ये मूळ लिपीसाठी ८८० हा रकाना आहे. तिकडून नोंद उचललीत तर देवनागरी त्यात तुम्ही भरा, आणि रोमन पुसू नका.

उगाच_कोणीतरी
थोडक्यात, वाद मिटवायला सर्वांचं मिळून एक स्टँडर्ड आणायचं, की आधीच्या दहांत अकरावं जमा. चालू द्या.

मोडीलिपिक
उगाचराव, हसून घ्या, पण मुद्दा राहतोच.

दफ्तराबद्दल मी बोलतो. आपल्याकडे ही उतरंड नवीन नाहीच. दफ्तर, त्यात रुमाल, रुमालात पुडकी, पुडक्यात कागद. पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आजही रुमालानेच मागवतात. परदेशी अभिलेखागारं ज्याला ईएडी म्हणतात ती एक्सएमएलमधली रचना हेच करते, डब्यात डबा. तेव्हा जुनी_वही, तुमच्या पोरांना बजावून ठेवा: रुमाल सोडून कागद 'विषयवार' लावायचे नाहीत. विषय नोंदीत लिहा, कागद जिथे आहे तिथे राहू द्या. उत्साही मंडळींनी लग्नाची पत्रं एकीकडे, जमिनीची एकीकडे अशी लावलेली दफ्तरं पाहिली आहेत. कोणता कागद कोणत्या रुमालात होता ते परत कळायचं नाव नाही.

दुसरं, तारखा. एक्सेलच्या तारखेच्या कॉलममध्ये मोडी पत्राची तारीख घालाल तर घात होईल. (एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख मुळात कळतच नाही.) समजा पत्रावर आहे: 'छ १० जमादिलावल सु॥ इसन्ने सबैन मया व अलफ'. इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे सुहूर ११७२ ('छ' म्हणजे चांद्र तारीख, 'सु॥' म्हणजे सुहूर, मराठेशाहीच्या कागदांतली एक जुनी कालगणना). सुहूर सन मृगावर बदलतो, म्हणून मे-जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ६००. जमादिलावल महिना त्या वर्षी ऑगस्टात येतो, म्हणजे ऑगस्ट १७७१. पण कित्येक पत्रांवर नुसतं 'छ १० जमादिलावल' असतं, सन नाहीच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ठाऊक होतं ना, कोणतं साल चाललंय! कुठे शके, कुठे फसली, कुठे राज्याभिषेक शक.

म्हणून तारखेचे दोन रकाने. एकात कागदावर आहे ते अक्षरशः. दुसऱ्यात यंत्राला कळेल असं. आयएसओ ८६०१ च्या २०१९ च्या दुसऱ्या भागात अंदाजे आणि शंकास्पद तारखा लिहायची सोय आली आहे: अंदाजे असेल तर सालापुढे लाटेचं चिन्ह, शंका असेल तर प्रश्नचिन्ह, कालखंड असेल तर मध्ये तिरकी रेघ. नुसता सुहूर ११७२ असेल तर '१७७१-०५/१७७२-०५'. उद्या कुणी तुमचं गणित चुकीचं ठरवलं तरी मूळ शब्द शाबूत राहतात.

अबोली७८
हे फार उपयोगी. याच्या उलट नमुना बघितलाय: अठराव्या शतकातलं पत्र, ऑनलाइन यादीत तारीख '२०१६'. स्कॅन केल्याचं साल! डब्लिन कोअरच्या 'तारीख' रकान्यात पत्राची तारीख आणि फोटोची तारीख दोन्ही घुसतात. कागदाची नोंद वेगळी आणि त्याच्या स्कॅनची वेगळी, हा नियम डब्लिन कोअरवाल्यांकडेही आहे, पाळतं कोण!

डेल्फ्टकर
नेदरलँड्समध्ये या क्षेत्रात नोकरी करतो. दोन गोष्टी सांगण्यासारख्या.

हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डच ईस्ट इंडिया कंपनीच्या दफ्तराचा क्रमांक १.०४.०२ आहे. त्यापुढे इन्व्हेंटरी क्रमांक. वेंगुर्ल्याच्या डच वखारीची पत्रं वाचणारा कोणताही अभ्यासक तळटीपेत हेच लिहितो, आणि ती तळटीप वाचून दुसरा माणूस नेमक्या त्याच गठ्ठ्यापाशी पोचतो. क्रमांक लोकांच्या पुस्तकांत गेलाय, तो बदलायचा नाही. तुम्ही सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, दर पाच-दहा वर्षांनी ते बदलेलच. तुमचे क्रमांक सॉफ्टवेअरने आपोआप दिलेले नसावेत. 'द/३/१२/७', म्हणजे दफ्तर, रुमाल तीन, पुडकं बारा, कागद सात, असं काहीतरी स्वतःचं ठरवा आणि एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या कशाला देऊ नका, कागद हरवला तरीही.

दुसरी गोष्ट युरोपियानाची. युरोपभरच्या ग्रंथालयं, अभिलेखागारं, संग्रहालयांच्या नोंदी एकत्र शोधता याव्यात म्हणून ते नोव्हेंबर २००८ मध्ये सुरू झालं. पहिल्या दिवशी इतकी झुंबड उडाली की बंद ठेवावं लागलं. तेव्हा त्यांनी सगळ्यांना एकच सपाट नमुना दिला होता, डब्लिन कोअरमध्ये थोडी भर घालून. एक्सेलभक्त म्हणतात तसाच. त्याने गोळा भरपूर झालं. पण अभिलेखागारांची उतरंड सपाट झाली, 'पत्र' नावाच्या अगणित नोंदी, कोणाचं पत्र पत्ता नाही. संग्रहालयांच्या वस्तूंत 'निर्माता' म्हणजे घडवणारा की फोटो घेणारा, थांग लागेना. शेवटी त्यांनी नवा नमुना आणला, ईडीएम. त्यात मूळ वस्तू, तिची डिजिटल प्रत आणि देणाऱ्या संस्थेचं म्हणणं हे वेगवेगळं राहतं, आणि माणसं, ठिकाणं, काळ यांना स्वतंत्र नोंदी मिळतात. म्हणजे आधी सपाट करून मग पुन्हा उभं करण्यात वर्षं गेली. तुम्हाला तो वळसा टाळता येईल.

एक्सेलभक्त
मान्य, पण ईडीएम आणि सिडॉक सीआरएम (संग्रहालयवाल्यांचा असाच एक गुंतागुंतीचा नमुना) तालुक्याच्या वाचनालयाला सांगून ते उद्यापासून काम बंद करतील. बारावीची पोरं यादी करणार आहेत, हे विसरू नका.

तालिकाकार
हे मात्र शंभर टक्के. म्हणून घरात तीन शीट ठेवा, ज्याच्या त्याच्या स्वभावाची. पुस्तकांना कोहा किंवा 'ई-ग्रंथालय' ही ग्रंथालयांची सॉफ्टवेअरं. दफ्तराला अ‍ॅटम नावाचं सॉफ्टवेअर, ते अभिलेखागारांच्या नियमांवरच बांधलंय आणि फुकट आहे. वस्तूंना साधं शीट पुरे. सरकारी संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने 'जतन' नावाचं सॉफ्टवेअर केलंय, त्यातले रकाने पाहून ठेवा. आणि कोणत्या शीटचा कोणता रकाना डब्लिन कोअरच्या कोणत्या रकान्यात जाईल त्याचा एक तक्ता. बाहेर द्यायची वेळ आली की त्या तक्त्याने सपाट प्रत काढायची. ओएआय-पीएमएच नावाचा करार २००१ पासून आहे. समोरचा सर्व्हर विचारतो, 'अमुक तारखेनंतर काय बदललं?', तुमचा सर्व्हर तेवढंच देतो. डब्लिन कोअरमध्ये देता आलंच पाहिजे ही त्याची किमान अट, त्याहून समृद्ध स्वरूपात द्यायला कोणी अडवलेलं नाही.

मांडवी_काठ
पणजीहून. हे सगळं कशासाठी करायचं याचं गोव्यातलं उदाहरण देते. पोर्तुगालच्या राजाकडून मान्सूनच्या जहाजांनी येणारी पत्रं आणि त्यांची उत्तरं, 'मोन्सोंइश'चे ग्रंथ म्हणतात त्यांना. त्यांतले कितीतरी आमच्या गोवा पुराभिलेखागारात आहेत, आणि अठराव्या शतकात एक भाग उचलून लिस्बनला नेला, तो तिथल्या तोरे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागारात. एकच मालिका, दोन देशांत. मराठ्यांविषयी जे काही त्यांत आहे तेही असंच विभागलेलं. कागद परत एकत्र येणं कठीण, पण दोन्हीकडच्या याद्या एकाच उतरंडीत बसल्या तर वाचणाऱ्यापुरती मालिका सलग होते. आणि हो, शिवाजी महाराजांचं नाव या पोर्तुगीज कागदांत ज्या वळणाने लिहिलंय ते 'शिवाजी' टाइप करून कधीच सापडणार नाही.

मोडीलिपिक
नावांवर आलातच तर मुख्य गोष्ट हीच आहे. स्वरूप वगैरे नंतर, नावं आधी.

नाना फडणीस घ्या. जेम्स वेल्सने १७९२ मध्ये काढलेलं सवाई माधवराव आणि नानांचं चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. नानांच्या हातचे कागद पुण्यात. नानांवरची पुस्तकं सगळीकडे. चित्राच्या नोंदीत इंग्रजी वळणाचं 'नाना फर्नावीस' किंवा 'फडणवीस', पुस्तकांवर 'फडणवीस' नाहीतर 'फडणीस', आणि पत्रात ते सही करणार 'बाळाजी जनार्दन'. आता 'बाळाजी' टाकून शोधलंत तर बाळाजी विश्वनाथ आणि बाळाजी बाजीराव दोघे पेशवे आधी हजर. माधवराव म्हटलं तर थोरले की सवाई? रकाने कितीही सारखे असोत, माणूस एकच आहे हे यंत्राला कुणी सांगायचं?

त्यासाठी माणसाला क्रमांक. ग्रंथालयांनी हे काम व्हीआयएएफमध्ये केलंय, देशोदेशीच्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नावनोंदी एकमेकींना बांधून. विकिपीडियाच्याच कुटुंबातला विकिडेटा हा माहितीसाठा २०१२ पासून आहे, तिथे कोणालाही नोंद करता येते, मराठी नावं भरता येतात. तुमच्या इनामदारांपैकी कोणी तिथे नसेल तर आधी स्वतःची साधी 'माणसांची वही' करा: क्रमांक, सगळी नावं, साधारण काळ, कोणाचा कोण. मग तिन्ही शीटमध्ये नावाबरोबर तो क्रमांक.

जुनी_वही
सर्वांचे आभार. पोरांबरोबर बसून शिक्क्याची एक नोंद करून बघितली. चिरफाड करा.

क्रमांक: व/०१४
काय: शिक्का, पितळी, अष्टकोनी
मजकूर: (मोडी-देवनागरी वाचन स्वतंत्र पानावर)
धनी: इनामदार घराण्यातील दुसरे (माणूस/००२)
कोठून: वाड्यातून, देणगीपत्रासह
काळ: देणगीपत्रात 'पेशवाईतील'
ठसा असलेले कागद: द/३/१२/७, द/३/१२/९
संदर्भ: कुलवृत्तांत (दाखल क्रमांक दिला आहे)
गाव: मौजे, तर्फ, प्रांत मूळ कागदाप्रमाणे

डेल्फ्टकर
पहिल्या प्रयत्नाला फारच छान. 'धनी' हा रकाना मोडा. शिक्का कोणी घडवला, कोणाला मिळाला, कोणी वापरला, तुम्हाला कोणी दिला, या चार घटना आहेत. प्रत्येकीचा माणूस वेगळा, काळ वेगळा, आणि पुरावाही वेगळा. सिडॉक सीआरएमचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच: वस्तूला चिकटलेले गुण लिहू नका, वस्तूच्या बाबतीत काय काय घडलं ते लिहा.

२०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्याला आलेली वाघनखं आठवा. वाद काय होता? वस्तू लंडनला कशी पोचली, ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफकडे ती कोणी दिली असं म्हटलं जातं, ते म्हणणं कोणाचं, कशावर लिहिलेलं. नोंदीत नुसतं 'मालक: अमुक' असतं तर वाद घालायलाही जागा उरली नसती. 'काळ: पेशवाईतील' हेही देणगीपत्राचं म्हणणं आहे, ते तुम्ही तसं लिहिलंय, तेच बरोबर.

अबोली७८
गावासाठी: पंचायत राज मंत्रालयाच्या एलजीडी यादीत प्रत्येक गावाला कोड आहे. वडगाव, पिंपळगाव नावाची ढीगभर गावं असतात तिथे त्याशिवाय इलाज नाही. तर्फ-प्रांत मूळ शब्दांत वेगळ्या रकान्यात. फक्त धरणाखालच्या गावांना जपा. उजनीत जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं आणि गाव दुसरीकडे वसलं. आजचा कोड नव्या जागेचा, कागदातलं शिवार जुन्या जागेचं. दोन वेगळ्या ठिकाणांच्या नोंदी करून 'पूर्वीचं' म्हणून जोडा.

उगाच_कोणीतरी
आता खरा प्रश्न. हे सगळं फुकट वाटलंत की तुमच्याकडे येणार कोण? आणि 'पितळी शिक्का, अमुक कपाट' असं जाहीर केल्यावर चोराला तरी वेगळं सांगायला नको.

तालिकाकार
दुसरं आधी. कपाट, खण, किंमत, विम्याचा आकडा, देणगीदाराचा पत्ता हे रकाने आतल्या शीटमध्येच. बाहेर जाणाऱ्या तक्त्यात त्यांना जागाच ठेवायची नाही, म्हणजे चुकूनही जाणार नाहीत.

पहिल्याबद्दल: यादी म्हणजे ऐवज नव्हे. युरोपियानाने २०१२ मध्ये नोंदी कोणत्याही अटीविना खुल्या केल्या, चित्रांचे हक्क ज्याचे त्याच्याकडे राहिले. आपल्याकडे मात्र यादीच तिजोरीत ठेवायची पद्धत. अभ्यासक यादी वाचूनच येतो. यादी मिळाली नाही तर तो लंडनला पत्र लिहितो, कारण तिथली यादी त्याला मिळते. हे दुर्दैव म्हणून नाही सांगत, रोज घडतं म्हणून सांगतोय. आणि खुलं करताना नोंदीवर हक्काचं वाक्य स्पष्ट टाका. नाहीतर घ्यायची इच्छा असलेलाही घाबरून सोडून देतो.

उगाच_कोणीतरी
बरं. पटलं असं नाही, पण उत्तर मिळालं.

एक्सेलभक्त
एक तांत्रिक कटकट राहिली, नंतर रडाल म्हणून आत्ताच. 'कऱ्हाड' टाइप करायचे युनिकोडमध्ये दोन रस्ते आहेत. एकात नुक्ता असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र आणि हलन्तानंतर न दिसणारा एक जोडक. पडद्यावर दोन्ही एकसारखे, शोधाला दोन वेगळे शब्द. तुमच्यातल्या दोन पोरांच्या फोनचे कीबोर्ड वेगळे असतील तर एकाच गावाच्या नोंदी दुभंगतील. एक रस्ता ठरवा, महिन्यातून एकदा 'शोधा आणि बदला' चालवा. आजचं 'कराड' माणसांच्या वहीसारख्याच 'ठिकाणांच्या वही'त पर्यायी नाव म्हणून.

जुनी_वही
हे सोन्यासारखं निघालं, आमच्याकडे ते ऑलरेडी झालंय. कार्यकारिणीची बैठक पुढच्या रविवारी आहे, त्यात माणसांची वही, ठिकाणांची वही आणि क्रमांकांची पद्धत मंजूर करून घेतो. सॉफ्टवेअर नंतर.

एक राहिलंच. पुस्तकांची यादी आधीच्या ग्रंथपालांनी संगणकावर केलेली सापडली. उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. फॉन्टचं नाव फाइलमध्ये येत नाहीये. परत टाइप करायला लागणार का?

एक्सेलभक्त
थांबा, टाइप करू नका. जुन्या फॉन्टमधली असणार, श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांपैकी काहीतरी. प्रत्येकाची बदलायची किल्ली वेगळी असते, म्हणून आधी फॉन्ट ओळखायला हवा. त्याच यादीची छापील प्रत कपाटात असेल तर तिचं एक पान आणि फाइलमधल्या त्याच दहा ओळी इथे टाका. दोन्ही शेजारी ठेवून 'कादंबरी' कशी उमटलीय ते बघितलं की कळेल. मूळ फाइलची एक प्रत काढून बाजूला ठेवा, तिला हात लावू नका.

जुनी_वही
छापील प्रत आहे. उद्या सकाळी वाचनालय उघडलं की फोटो टाकतो.